गारठासरांचा वाकलेला भात

मे महिन्यात सोलापुरात लोकरीचा स्वेटर मागणारा माणूस एक तर वेडा असतो, नाही तर सरकारी. गारठासर दोन्ही आहेत असं माझं ठाम मत होतं. ते मी छापूनही मोकळी झाले होते. दोन पत्रकं, हजारोंच्या हातात. म्हणून हे लिखाण मलाच करणं भाग आहे.

पहिल्यांदा पाहिलं ते नवी पेठेत. भर दुपार. रिक्षावाले सीटवर ओलं फडकं टाकून पेंगत होते. मी आमच्या संघटनेच्या पाणी-मोर्चाच्या फलकासाठी कापड घ्यायला दुकानात शिरले, तर गल्ल्यापाशी माकडटोपी घातलेला एक वाळका माणूस उभा.

"पूर्ण बाह्यांचा दाखवा. लोकरीचा."

"सर, मे चालू हाय," दुकानदार म्हणाला. "बनियन दाखवू की चांगले."

"बनियननं भागत नाही. मला आत तीन-तीन तास बसायचं असतं."

"आत म्हंजे कुटं?"

"बर्फाच्या कारखान्यात."

"कशाला ओ?"

"भाताला सोबत."

दुकानदारानं शेजारी बसलेल्या भावाला कानडीत काहीतरी सांगितलं. दोघंही पोट धरून हसले आणि मग माळ्यावरून हिवाळ्याचं गाठोडं काढलं. तेवढ्यात या गृहस्थांनी गळ्यातलं काचेचं तापमापक काढून पंख्याखाली धरलं होतं. "एक्केचाळीस," ते म्हणाले. "पंखा नुसती हवा ढवळतोय तुमचा." स्वेटर तिथंच अंगात घालून ते उन्हात चालते झाले.

ते तापमापक त्यांच्या गळ्यात दोऱ्यानं बांधलेलं असायचं. चहा आला की पहिला घोट तापमापक घ्यायचं. लग्नाच्या पंगतीत मठ्ठ्यात बुडवलं, म्हणून वरमाय रुसल्याचं मी स्वतः ऐकलंय. विहीर दिसली की दोरी लांब करून खाली सोडायचे. वाटेत कुणी नमस्कार केला तर उत्तर यायचं, "आज पहाटे बारा होतं." पुष्कळांना वाटायचं, सर पहाटे किती वाजता उठतात ते सांगतायत.

सर मूळचे मावळातले, भाताच्या मुलखातले. एका सरकारी भात केंद्रात नोकरीला. काम काय, तर गारठा सोसणारा भात तयार करायचा. आणि तोही एकाच ठिकाणी सोसणारा नव्हे. डोंगरात, पठारावर, धरणाच्या गार पाण्यात, सगळीकडे सोसणारा. त्यासाठी त्यांनी वरिष्ठांकडे थंड जागा मागितली होती. वरिष्ठांनी सोलापूर दिलं.

"सोलापूरच का?" मी एकदा विचारलं होतं.

"साहेब म्हणाले, तिथल्या चादरी एवढ्या प्रसिद्ध आहेत, म्हणजे थंडी असणारच."

हे सांगताना ते हसले नाहीत. सर विनोद करत नसत. त्यांच्या खात्यात ती सोय वरच्या लोकांकडे होती.

मग त्यांनी उपाय काढला. कोवळी रोपं ट्रेमध्ये घालून शहरातल्या बर्फाच्या कारखान्यात ठेवायची. मंद्रूपजवळ केंद्राची थोडी जमीन होती, तिथं बोअरच्या पाण्यावर भाताचे वाफे केले. लागवड अशा बेतानं, की पीक पौषाच्या थंडीत पोटरीला यावं, म्हणजे लोंबी अजून ताटाच्या पोटात असावी. तेवढा गारठा पुरेना, म्हणून शहरातून टेम्पोनं बर्फाच्या लाद्या यायच्या, गोणपाटात आणि लाकडाच्या भुशात गुंडाळून. प्लॅस्टिक अंथरलेल्या वाफ्यात त्या सोडायच्या, पाण्यात. ज्या गावात नळ आठवड्यातून एकदा येतो तिथं भाताला बर्फाचं पाणी! सांगा, पत्रक काढायचं नाही तर काय आरती करायची?

'ज्वारीच्या छातीवर भाताची मस्ती!' असं पहिल्या पत्रकाचं शीर्षक होतं. माझंच. मंद्रूपच्या आठवडी बाजारात मी ते स्वतः वाटलं. भाजीवाल्यांना, बैलवाल्यांना, आणि गर्दीत हात पुढे आला म्हणून माकडटोपीवाल्यालाही. त्यांनी मेथीच्या ढिगाशेजारी उभं राहून ते अथपासून इतिपर्यंत वाचलं. मग खिशातून लाल पेन काढलं.

"पाण्याचा आकडा चुकलाय, बाई."

"आमचे आकडे बरोबरच असतात!" मी आवाज चढवला.

"नाही. तुम्ही कमी लिहिलंय. आम्ही जवळजवळ दुप्पट वापरतो." त्यांनी आकडा दुरुस्त केला आणि पत्रक माझ्या हातात परत दिलं. "आणि वाफे बघायला या. न बघता लिहिलंय असं वाटतं."

शत्रूनं आपल्याच तोफेत दारू भरून द्यावी, तसं झालं. मी गेले ती पुरावा गोळा करायला. ते स्वागताला बांधावर उभे होते, हातात दोन पेले. एकात चहा, एकात तापमापक.

सगळं दाखवलं. काहीही लपवलं नाही, हे आज मला सर्वांत जास्त टोचतं. त्यांचे दोन प्रश्न सारखे चालू असायचे. पहिला, "कुठल्या अवस्थेत?" कुणी म्हणालं, पीक गेलं, कुठल्या अवस्थेत? कुणी म्हणालं, मुलगा बिघडला, कुठल्या अवस्थेत? त्यांचं म्हणणं असं, की रोपावर गारठा पडला की ते पिवळं पडतं, सगळ्या गावाला दिसतं. पण लोंबी पोटरीत असताना गारठा लागला तर बाहेरून काहीच दिसत नाही. ताट हिरवंगार, लोंबी डौलदार, आत दाणा नाही.

दुसरा प्रश्न, "इथं टिकला म्हणून तिथं टिकेल, हे कुणी सांगितलं?" म्हणून ते बियाण्याच्या पुड्या वाटत सुटायचे. सुट्टीवर आलेला जवान परत हिमालयात निघाला, घे पुडी. घाटातल्या गावात लेक दिली, घ्या पुडी. सोबत पोस्टकार्ड: गाव कोणतं, पहाटे पाणी किती अंश, लोंबी कधी बाहेर पडली, शंभरात दाणे पोचट किती. बहुतेक कार्डं परत येत ती 'येथे सर्व खुशाल आहे' एवढंच लिहून. सर तीही फाइलला लावत. "खुशाल म्हणजे नेमकं किती अंश, हे लोक लिहीत नाहीत," एवढीच तक्रार.

स्वतःजवळ मात्र मूठभरही बी ठेवायचे नाहीत. एक तर वाफ्यात, नाही तर वाटलेलं. "घरात ठेवलेलं बी काही शिकत नाही," म्हणायचे.

"तुमचं कुणी पाण्याकाठी राहतं का?" त्यांनी मला विचारलं.

राहते. माझी आत्या, उजनीच्या काठी. धरणाचं पाणी ओसरलं की उघड्या पडणाऱ्या गाळात ती उन्हाळी भात करते, आणि थंडीत टाकलेलं तिचं रोप दर वर्षी पिवळं पडून निम्मं मरतं. हे मला चांगलं ठाऊक होतं. पण माझ्या पत्रकात आत्या बसत नव्हती.

"आहे कुणीतरी," मी म्हणाले.

त्यांनी पुडी दिली. मी ती घेतली, घरी आणली आणि 'पुरावा क्रमांक एक' लिहून फाइलमध्ये स्टेपल केली.

मग फोटो. वाफ्यात ओळी दोन तऱ्हेच्या. काही ओळी ताठ, हिरव्या, बघत राहावं अशा. काही पिवळसर, वाकलेल्या, दोन तर पार आडव्या. मी ज्वारीच्या मुलखातली. आमच्याकडे कणीस उभं असलं की पीक, आडवं झालं की वैरण. मला कुणी सांगायला नको होतं. आडव्या ओळींचा फोटो काढला आणि दुसरं पत्रक छापलं: 'पाणी प्याला, बर्फ खाल्ला, सरकारी भात लोळला!' हे लोकांना इतकं आवडलं, की बाजारात पोरी त्यावर ठेका धरायला लागल्या.

वाफ्यावर खुरपणीला एक मावशी होती, अक्कलकोटच्या बाजूची. अर्धं मराठीत, अर्धं कानडीत बोलायची. तिनं ते पत्रक दुसऱ्या कुणाकडून तरी वाचून घेतलं आणि मला रस्त्यात गाठलं. "इल्ल, ताई, न्हाय. उलटं लिवलंय तुमी. लोळलं न्हाय, वजन झालंय त्याला."

"सरांनी शिकवून पाठवलंय वाटतं?" मी म्हणाले.

"सर कुनाला काय शिकिवतेत? ते नुस्तं इचारतेत," ती म्हणाली आणि गेली.

पत्रकाचा परिणाम झाला. असा परिणाम आमच्या संघटनेनं आजवर पाहिला नव्हता. आठ दिवसांत वरचे साहेब तीन गाड्या घेऊन वाफ्यावर हजर. मी अग्रभागी उभी होते, विजयी चेहऱ्यानं.

"हे सगळं आडवं का?" साहेबांनी विचारलं.

"भरलंय म्हणून, साहेब," सर म्हणाले.

"आणि हे उभं आहे ते?"

"रिकामं आहे."

साहेब आमच्याकडे बघून हसले. आम्हीही हसलो. "अहो, मी शेतकऱ्याचा मुलगा आहे. ज्वारीचं कणीस पाहिलंय का कधी? कसं उभं असतं!"

"व्हय की साहेब," गावातला एक पुढारी म्हणाला. "आडवं पडलं की वैरणच ती."

"दाणा दाबून बघा," सर म्हणाले. "एकदा चिमटीत धरून बघा. गारठ्यात पोटरी गेली, तरी भरलेत हे. बाकीचे गेले. आठ वर्षांत एवढ्याच ओळी राहिल्यात. पिकायला अजून आठवडा हवा."

साहेबांच्या बुटाला चिखल लागला असता. त्यांनी लांबूनच बोट दाखवलं. "या उभ्या ओळी बियाण्याला राखा. या आडव्या आजच्या आज काढा, फोटो निघालेत त्यांचे. आणि हंगाम संपला की हे वाफे बंद. लोकभावनेचा आदर केला पाहिजे."

लोकभावना म्हणजे मी. टाळ्या पडल्या. एकानं मागून उदात्त सूर लावला, की वाकलेलं असणं म्हणजे नम्रता, तेही काही वाईट नाही. सर पहिल्यांदा चिडून मागं वळले. "नम्रता-बिम्रता काही नसते भाताला. वजन असतं."

मावशीनं आडव्या ओळीतली एक लोंबी तोडली, दाणा दाताखाली धरला आणि उरलेली माझ्यापुढं केली. "चावून बघ की, ताई. एक."

मी चावला नाही. आंदोलनात असताना विरोधकाच्या हातचं खाऊ नये, असं आम्हाला शिबिरात शिकवलेलं असतं.

दुपारी आडव्या ओळी कापल्या. पिकायला अजून आठवडा असलेल्या, बियाण्याला न चालणाऱ्या ओल्या दाण्याच्या. पुढाऱ्याच्या म्हशी दोन दिवस ते खात होत्या. सर बांधावर बसून होते. एका म्हशीच्या घमेल्यात त्यांनी तापमापक बुडवलं, असं लोक सांगतात. तेवढ्यावरून ते वेडे आहेत याला पुष्टी मिळाली.

जूनमध्ये मंद्रूपला मोठा समारंभ झाला. बाजाराचा दिवस धरूनच. उभ्या ओळींच्या बियाण्याची पोती व्यासपीठावर, त्यांना हार. पोती इतकी हलकी, की दोन मुलींनी एकेक सहज उचलून आणलं. साहेब माइकवर म्हणाले, "वजनाला हलकं, वाहतुकीला सोयीचं!" मग उद्‌घाटन. फीत कापायची ती पद्धत जुनी झाली म्हणून बियाण्याला मिठाच्या पाण्याची प्रक्रिया करून दाखवायचं ठरलं होतं. निळ्या पिंपात मीठपाणी, त्यात साहेबांनी दोन्ही हातांनी बी ओतलं.

सगळं तरंगलं. एकूण एक दाणा. पाण्यावर सोनेरी साय धरल्यासारखं.

साहेबांनी वाकून पाहिलं, आनंदानं सरळ झाले आणि म्हणाले, "बघा! एकही दाणा बुडाला नाही!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. का होणार नाही? समोर सगळी ज्वारीवाली माणसं. बुडणं वाईट आणि तरंगणं चांगलं, एवढं तर सगळ्यांना कळतं. मीही दोन टाळ्या वाजवल्या. मग खुर्चीवर ठेवलेलं केंद्राचं माहितीपत्रक सवयीनं हातात घेतलं. पत्रकं वाचायची सवय फक्त पत्रकं काढणाऱ्यांना असते. तिसरा मुद्दा: 'मिठाच्या पाण्यात जे दाणे तरंगतील ते पोचट समजून काढून टाकावेत. तळाशी बसलेलेच बियाणे पेरणीस वापरावे.'

मी दोनदा वाचलं. पिंपाकडे पाहिलं. पिंपाचा तळ स्वच्छ निळा दिसत होता.

मांडवात शेकडो माणसं होती, प्रत्येकाच्या हातात तो कागद होता, बरेच जण त्यानं वारा घेत होते. पिंपापाशी गर्दी ओसरल्यावर सर पुढं झाले, दोरा सैल करून तापमापक पाण्यात सोडलं आणि वाचलं. "एकतीस," ते स्वतःशीच म्हणाले. बस्स. ना शिवी, ना भाषण. मावशी तोंडात पदर कोंबून हसत होती की रडत होती, मला कळलं नाही.

मी तिथून पळाले ती थेट आमच्या कार्यालयात. कार्यालय म्हणजे पत्र्याची खोली. उन्हाळ्यात आत पत्रकांची शाई वितळते. पश्चिमेच्या भिंतीला लोखंडी कपाट, त्यात फाइल, फाइलमध्ये पुरावा क्रमांक एक. फेब्रुवारीपासून जून. अख्खा सोलापुरी उन्हाळा. स्टेपलची पिन एका दाण्यातून आरपार गेली होती.

तेव्हा ध्यानात आलं, की त्या आठ वर्षांतलं एवढंच उरलंय. बाकीच्या पुड्यांचं काय झालं ते मी मावशीकडून ऐकलं होतं: कुणी पाखरांना टाकली, कुणी खिचडी केली, आणि जवानाची बदली वाळवंटात झाली.

सर बर्फाच्या कारखान्यात होते. स्वेटर, माकडटोपी, समोर ट्रेमध्ये बाजारच्या साध्या भाताची रोपं. मी पुडी पुढं केली आणि पाठ केलेली माफी म्हणायला सुरुवात केली. त्यांनी हातानं थांबवलं.

"कुठं होती?"

"कपाटात."

"लाकडी?"

"लोखंडी."

"वर स्लॅब की पत्रा?"

"पत्रा."

"तापमान लिहून ठेवलंत?"

"नाही."

"मग कसली चळवळ करता हो तुम्ही!" सर ओरडले. माझ्यावर ते ओरडले ते एवढ्या एकाच गोष्टीसाठी. म्हशींबद्दल नाही, फोटोबद्दल नाही.

दाणे मोजूनमापून ओल्या गोणपाटात गुंडाळून कारखान्याच्या मागच्या अंगणात ठेवले. तीन दिवस मी बर्फाच्या कारखान्याच्या दारात हेलपाटे घातले. चौकीदार मला म्हणायचा, "काय ताई, आता बर्फावर मोर्चा का?" चौथ्या दिवशी मावशीनं गोणपाट उलगडलं. बरेचसे दाणे तसेच निपचित पडून होते. काहींना मात्र पांढरे कोंब होते, नखाएवढे. पिन गेलेला दाणाही त्यांत होता.

"आलंय की ओ सर!" मावशी ओरडली.

सरांनी नवी पुडी घेतली, तिच्यावर चिठ्ठी डकवली आणि माझ्यासमोर लिहिलं: 'स्थळ: पत्रकवाल्यांचं कपाट, सोलापूर. तापमान: नोंद नाही. कोंब: आला.' मग माझ्याकडे पाहिलं. "या ठिकाणी चाचणी करायचं माझ्या कधी डोक्यात आलं नसतं."

ते कोंब त्यांनी कारखान्याच्या मागच्या अंगणात कुंड्यांमध्ये वाढवले आणि दिवाळीनंतर मूठभर बी माझ्या हातात ठेवलं. "पाण्याकाठी कुणीतरी आहे म्हणाला होतात."

त्या 'ताठ' वाणाची पोती दरम्यान गावोगाव वाटली गेली. उगवलं काहीच नाही. अहवालात लिहिलं गेलं, की शेतकऱ्यांनी शिफारशी पाळल्या नाहीत. साहेबांना बढती मिळाली. सरांचीही बदली झाली, आणि या खेपेला खरोखरीच्या थंड गावी. पण भाताच्या कामावर नाही, द्राक्षांच्या.

आत्याच्या गाळात पौषात रोप टाकलं. रोज पहाटे मी पाण्यात तापमापक धरून उभी राहायचे आणि काठावर पाण्याच्या मोटरी चालवणारे म्हणायचे, "लागलं का ताईलाबी खूळ?" शेजारच्या वाफ्यातलं रोप पिवळं पडलं, आमचं हिरवं राहिलं. पुढं लोंब्या आल्या, भरल्या, आणि एके सकाळी आत्याचा फोन. "अगं, आडवं झालं की सगळं! घात झाला बघ!"

"चावून बघ की, आत्या. एक दाणा," मी म्हणाले.

पलीकडे लोंबी खुडल्याची सळसळ झाली. मग दाताखाली कट्‌ असा आवाज आला.

त्या आठवड्यात मी तिसरं पत्रक लिहिलं. फोटो उलटा वाचला, ओळी माझ्यामुळं कापल्या गेल्या, साहेबांनी पोचट बी वाटलं, सगळं. पाण्याबद्दलचं जुनं म्हणणंही कायम ठेवलं. माणसांचा नळ कोरडा असताना बोअरचं पाणी बर्फाच्या वाफ्यांना जायला नको होतं, हे मी आजही म्हणते. संघटनेनं ते छापायला नकार दिला. चळवळीचं मनोधैर्य खचेल म्हणे. मी हातानं प्रती काढल्या, मंद्रूपच्या बाजारात वाटल्या आणि एक सरांना टपालानं पाठवली.

पंधरा दिवसांनी ती परत आली. माफीच्या परिच्छेदाला त्यांनी हातही लावला नव्हता. फक्त पाण्याच्या आकड्याभोवती लाल गोल होता आणि शेजारी लिहिलं होतं: 'अजूनही कमी लिहिलाय. बर्फ धरला नाही.'